सायगॉनमध्ये सहकुटुंब जेवायला बसताना

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून आजी-आजोबा, नातवंडं असा सगळा गोतावळा बरोबर घेऊन जाणारी मराठी कुटुंबं तिथे दिसू लागली आहेत. (शहराचं अधिकृत नाव हो ची मिन्ह सिटी, तिथले लोक अजूनही सर्रास सायगॉनच म्हणतात, आपणही तेच म्हणू.) या कुटुंबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलांना चालेल असं व्हिएतनामी हॉटेल कुठलं? मग नकाशावर मुलांसाठी वेगळा मेन्यू असलेली ठिकाणं शोधली जातात. सापडतातही, पण त्यातली बरीचशी परदेशी रहिवाशांच्या वस्तीत, थाओ दिएनसारख्या भागात असतात आणि त्या मेन्यूवर पास्ता नि बटाट्याचे तळलेले काप असतात. एवढ्यासाठी व्हिएतनामला जायची गरज नाही.

व्हिएतनामी घरगुती जेवणात मुलांचा वेगळा मेन्यू लागतच नाही. मधे भाताचं भांडं, भोवती चार-पाच पदार्थ, प्रत्येकापुढे एक छोटी वाटी. तिखट बाजूला, चटण्या बाजूला, पाला बाजूला. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यायचं. त्यामुळे कुठलं हॉटेल यापेक्षा दुकान कुठल्या प्रकारचं, तिथे दिवसाच्या कुठल्या वेळी जायचं आणि कुठे बसायचं, हे आधी ठरवावं. ते जमलं की शहरातली निम्मी हॉटेलं मुलांना चालतात.

एकाच पदार्थाची दुकानं सगळ्यात जास्त. फोवाला फक्त फो (रशातल्या तांदळाच्या शेवया) विकतो, कॉम तामवाला फक्त कॉम ताम (तुकडा तांदळाचा भात). अन्न उत्तम, पदार्थ पाच मिनिटांत समोर, पण सहा जणांना सहा गोष्टी हव्या असतील तर इथे पंचाईत. दुसरा प्रकार भाताच्या हॉटेलांचा. फलकावर 'कॉम', म्हणजे भात, हा शब्द असतो, टेबलं नीट उंचीची, पदार्थ वाटून खायचे. कुटुंबाला संध्याकाळसाठी हाच प्रकार सर्वात सोयीचा. तिसरा प्रकार म्हणजे अंगणाभोवती वेगवेगळ्या पदार्थांच्या चुली मांडलेली मोठी हॉटेलं. स्वातंत्र्य राजवाड्याजवळ, १३८ नाम की खोई न्घिया रस्त्यावरचं 'क्वान न्गॉन' हे त्यातलं प्रसिद्ध. रस्त्यावर मिळणारं जवळपास सगळं इथे खुर्चीत बसून मिळतं, मेन्यूवर फोटो असतात आणि पोरांना चुलीवर काय चाललंय ते जवळून बघता येतं. जाणकार म्हणतात की एका पदार्थाच्या दुकानाची चव इथे नसते. खरं आहे. तरी पहिल्या संध्याकाळी, प्रवासाने थकलेल्या मंडळींना घेऊन जायला यापेक्षा सोपी जागा नाही.

चौथा प्रकार टाळायचा: 'क्वान न्याउ', म्हणजे बिअर पीत बसायचे अड्डे. संध्याकाळी सहानंतर फुटपाथवर स्टीलची टेबलं, टेबलावर पेटती शेगडी, सिगारेटचा धूर आणि दर दोन मिनिटांनी एकसुरात आरोळी. लोक चांगले असतात, तुमच्या मुलांचे लाडही करतील, पण तीन वर्षांच्या मुलाच्या हाताच्या अंतरावर उकळतं भांडं ही जागाच चुकीची.

सकाळ: फो

फो हे मुळात न्याहारीचं खाणं. सकाळी सात-साडेसातला रस्सा ताजा असतो, ऊन चढलेलं नसतं, मुलंही त्याच सुमारास भुकेली असतात. २६०सी पाश्चर रस्त्यावरचं 'फो होआ' १९६०च्या दशकापासून चालू आहे. टेबलं-खुर्च्या नेहमीच्या उंचीच्या आहेत आणि बीफबरोबर चिकनचा फोही मिळतो. २०२३ साली हॉटेलांची पारख करणारी मिशलिनची मार्गदर्शिका व्हिएतनाममध्ये आली आणि माफक दरातल्या चांगल्या खाण्याच्या यादीत हे नाव लागलं. तेव्हापासून नऊनंतर गर्दी होते, म्हणून लवकर जाणं बरं.

मुलासाठी वेगळा वाडगा मागवू नका. तांदळाच्या शेवया रशात फुगत जातात. दहा मिनिटांत त्या मऊ होतात, वीस मिनिटांत लगदा होतो आणि मूल तर रमतगमत खाणार. मोठ्याच्या वाडग्यातून थोडं थोडं काढून देणं हाच तिथला रिवाज आहे. 'चेन', म्हणजे छोटी वाटी मागायची. आधी शेवया त्यात घ्यायच्या, वर चिकनचे तुकडे आणि शेवटी फक्त दोन-तीन चमचे रस्सा. रस्सा अगदी उकळीवरून येतो आणि वर तेलाचा पातळ थर असल्यामुळे वाफ दिसत नाही. निवलाय असं वाटतं आणि तिथेच तोंड भाजतं. वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवावा, कडेला नाही. शेवया लांब असतात, त्या कापायला कात्री मागितली तर बहुतेक दुकानं देतात. कात्रीला तिकडे 'केओ' म्हणतात.

बीफ खायचं नसेल तर एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. दोन्ही प्रकार विकणाऱ्या दुकानात चिकनचे तुकडे कधी कधी बीफच्याच रशात घालून देतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फक्त 'फो गा' विकणारं दुकान शोधावं. फलकावर बहुधा कोंबडीचं चित्र असतं. ज्यांना बीफ चालतं त्यांनी मुलांसाठी 'चिन', म्हणजे पूर्ण शिजलेलं मांस सांगावं. 'ताय' म्हणाल तर कच्चे पातळ काप येतात, ते वाडग्यातल्या गरम रशात जेमतेम शिजतात.

सोबत पाल्याची परडी येते: तुळशीच्या जातीचा सुवासिक पाला, कातरलेल्या कडांची लांब कोथिंबीर, मोड आलेले मूग, लिंबू, मिरच्या. मोड कच्चे असतात. मुलांसाठी ते 'जा चुंग', म्हणजे गरम पाण्यातून काढलेले मागा. वेगळे पैसे पडत नाहीत. टेबलावर आधीच ठेवलेल्या तळलेल्या लांब पावकाड्या मात्र फुकट नसतात. जितक्या खाल तितक्यांचे पैसे. मुलांना त्या प्रचंड आवडतात, तेव्हा मोजून घ्या.

सकाळी फो नकोच असेल तर 'बान्ह मी ओप ला' मागवा. गरम तव्यावरची दोन अंडी आणि सोबत कुरकुरीत पाव. व्हिएतनाममध्ये कुठल्याही भारतीय मुलाला पहिल्या दिवशी बिनतक्रार जाणारा पदार्थ हाच. पावात मांसाचं 'पाते' (वाटून केलेला मऊ लेप) किंवा सॉसेज नको असेल तर ते आधी सांगावं लागतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी 'चाओ', म्हणजे तांदळाची पेज, सकाळी गल्लोगल्ली मिळते. फक्त ती बहुधा हाडांच्या रशात शिजवलेली असते.

संध्याकाळ: भाताचं ताट

सहा जणांसाठी साधारण हिशेब असा: एक मोठं भांडं भात, एक 'कान्ह' म्हणजे पातळ रस्सा, एक 'खो' म्हणजे मातीच्या भांड्यात आटवलेला खारट-गोड पदार्थ, दोन भाज्या आणि एक अंड्याचा किंवा टोफूचा पदार्थ. पहिल्याच फेरीत यापेक्षा जास्त सांगू नये. पदार्थ एकामागून एक, तयार होतील तसे येतात. सगळं एकदम येत नाही. मुलांसाठी भात आणि अंड्याचा पदार्थ आधी द्या असं सांगितलं की निम्मी चिडचिड टळते.

मासे खाणाऱ्यांसाठी 'कान्ह चुआ' अवश्य मागवा. चिंचेचा आंबटपणा, अननस, टोमॅटो, भेंडी, अळूच्या जातीचे जाळीदार देठ आणि गोड्या पाण्यातला मासा, असा हा दक्षिणेकडचा रस्सा भातावर घेतात. तिखट नसतो. माशाला मोठे काटे असतात, म्हणून मुलांना आधी फक्त रस्सा आणि अननसाचे तुकडे द्यावेत. त्याच्या जोडीला 'का खो तो', म्हणजे साखर करपवून केलेल्या गडद रशातला मासा. तो चांगलाच खारट असतो आणि त्यात अख्खे मिरे किंवा मिरच्या असतात. मुलाच्या भातावर अर्धा चमचा पुरतो. 'थित खो चुंग' हा पदार्थ मुलांना जास्त जमतो: नारळपाण्यात तास-दीड तास शिजलेलं डुकराचं मांस आणि त्यातच मुरलेली उकडलेली अंडी. मांस नको असणाऱ्यांनी तो सोडावा, कारण अंड्यांतही तोच रस शिरलेला असतो.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर साध्या दिसणाऱ्या भाज्यांकडे नीट बघावं लागतं. 'का तिम नुओंग मो हान्ह' हे भाजलेलं वांगं फोटोत पाहून भरीत समजून मागवलं जातं; त्यावरचं पातीच्या कांद्याचं तेल अनेकदा डुकराच्या चरबीचं असतं आणि वर खिमाही पसरलेला असू शकतो. टोमॅटोच्या रशातल्या टोफूच्या पोटात खिमा भरलेला असू शकतो. लसणावर परतलेल्या 'राउ मुओंग' या पालेभाजीत बाहेरून काही दिसत नाही, पण ऑयस्टर सॉस, 'नुओक माम' हा आंबवलेल्या माशाचा सॉस किंवा डुकराच्या हाडांचा अर्क असलेले मसाल्याचे दाणे, यांपैकी एक तरी बहुधा पडलेलं असतं. वाढणाऱ्या मुलीला 'मांस नाही ना?' विचारलं तर ती मनापासून 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते मांस नसतंच. म्हणून प्रश्न पदार्थागणिक विचारावा: नुओक माम नको, ऑयस्टर सॉस नको, दाणे नकोत, मीठ किंवा सोयासॉस घाला.

तरीही घरात कडक शाकाहारी असतील तर साध्या हॉटेलात ही कसरत करण्यापेक्षा सरळ 'चाय' हॉटेलात जावं. फलकावर सी, एच, ए, वाय ही चार रोमन अक्षरं असतात, सोबत बहुधा कमळ. ही बौद्ध परंपरेची शाकाहारी खानावळ. नुओक माम नाही, हाडांचा रस्सा नाही, बऱ्याच ठिकाणी अंडंही नाही. जुन्या वळणाच्या ठिकाणी तर कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय होते. मात्र अळंबी भरपूर असतात आणि हुबेहूब मांसासारखे दिसणारे सोयाचे तुकडेही असतात. आजी ताट बघून दचकतील, तेव्हा आधी सांगून ठेवा.

चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असंख्य व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात. आपल्या दिनदर्शिकेत अमावास्या नि पौर्णिमा बघा, एखाद्या दिवसाच्या फरकाने तेच दिवस येतात. त्या दिवशी एरवी मांस विकणारी कितीतरी दुकानं शाकाहारी पदार्थ ठेवतात, त्यामुळे शाकाहाऱ्यांना निवड भरपूर. पण नेहमीची चाय हॉटेलं दुपारी साडेअकरापासून खचाखच भरतात. अकराला जाऊन बसावं.

शाकाहारी, पण जरा निवांत बसायचं तर 'हम' हे नाव शहरात परिचित आहे. साध्या चाय खानावळीपेक्षा बिल बरंच जास्त येतं, पण मेन्यू वाचता येतो, पदार्थांतले घटक समजावून सांगतात आणि ज्येष्ठांना पाठ टेकायला खुर्ची मिळते. शाखांच्या जागा बदलत असतात, निघण्यापूर्वी नकाशावर पत्ता बघून घ्या.

हाताने गुंडाळायचं खाणं

मुलांना टेबलाशी तासभर गुंतवून ठेवायचं असेल तर गुंडाळायचे पदार्थ मागवा. तांदळाच्या कागदासारख्या पातळ चकत्या, पाला, काकडी, शेवया, कोळंबी किंवा टोफू येतं आणि आपण टेबलावर गुंडाळ्या करायच्या. यात चूक एकाच ठिकाणी होते: चकती पाण्यात भिजत ठेवली जाते. ती पाण्यातून नुसती फिरवून, दोनच सेकंदांत बाहेर काढायची. कडक वाटली तरी ताटलीवर ठेवायची. अर्ध्या मिनिटात ती आपोआप मऊ होते. पाण्यातच मऊ झाली तर गुंडाळताना फाटते आणि बोटांना चिकटते. सारण खालच्या तिसऱ्या भागात, मुलाच्या दोन बोटांएवढंच. आधी खालची कड वर, मग दोन्ही बाजू आत, मग पुढे लोटत घट्ट. काही ठिकाणी चांग बांग गावच्या पद्धतीच्या, रात्रीच्या दवात मऊ केलेल्या चकत्या येतात. त्यांना पाणी लावायचंच नाही. टेबलावर पाण्याची थाळी आली नसेल तर त्या तशा असण्याची शक्यता जास्त.

'बान्ह सेओ' हाही गुंडाळूनच खायचा. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध यांचं पातळ पीठ मोठ्या कढईत 'चर्र' आवाज करत पसरतं, आत कोळंबी, डुकराचं मांस, मोड नि मूगडाळ, आणि कडा जाळीदार कुरकुरीत होईपर्यंत झाकण. तान दिन्ह भागात गुलाबी चर्चच्या जवळ, ४६ए दिन्ह काँग चांग इथलं दुकान त्यासाठी प्रसिद्ध. चुली समोरच, मुलांना बघायला मजा. पण गरम तेल उडतं, तेव्हा चुलीलगतचं टेबल घेऊ नये. दुकान दुपारी मधे बंद असतं. सगळे बान्ह सेओ एकदम मागवू नका. पाच मिनिटांत तो मऊ पडतो, म्हणून दोन-दोन सांगत जावं. पाल्याच्या ढिगात मोहरीची मोठी हिरवी पानं असतात. ती नाकात जाण्याइतकी झणझणीत. मुलांना सॅलडच्या फिक्या पानात गुंडाळून द्या. बुडवायच्या नुओक मामच्या पाण्यात लाल मिरची आधीच चिरून घातलेली असते, ते वाढण्यापूर्वीच बिनमिरचीचं सांगावं लागतं. 'खोंग काय', तिखट नको, एवढे दोन शब्द पुरतात. बान्ह सेओचा शाकाहारी प्रकार, अळंबी नि मूगडाळ घातलेला, चाय हॉटेलांत मिळतो.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल बरोबर असेल तर मात्र हे प्रकरण गंभीर आहे. भाजून कुटलेला शेंगदाणा गुंडाळ्यांच्या चटणीत असतो, कोरड्या शेवयांवर असतो, कोशिंबिरीवर असतो, गोडातही असतो. शिवाय एकच चमचा सगळ्या भांड्यांतून फिरतो. दक्षिणेत शेंगदाण्याला 'दाऊ फोंग' म्हणतात, उत्तरेत 'लाक'. बोलून सांगण्यावर विसंबू नका, कारण व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. व्हिएतनामीत लिहिलेलं वाक्य फोनवर ठेवा आणि ते स्वयंपाक करणाऱ्याला दाखवा. तीव्र ॲलर्जी असेल तर एकाच पदार्थाची दुकानं बरी: फोवाल्याकडे शेंगदाणा सहसा नसतो.

पेयांत ताजं शहाळं आणि उसाचा रस सगळीकडे मिळतो. मधे भोक असलेले नळकांडीसारखे बर्फाचे तुकडे कारखान्यातून येतात. लादी फोडून केलेला चुरा मुलांना देऊ नये. ॲव्होकाडो नि आटवलेल्या दुधाची 'सिन्ह तो बो' दाट, पोटभरीची; 'इत दुओंग' म्हणजे साखर कमी. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: 'बान्ह फ्लान' हे कॅरॅमल कस्टर्ड मुलांसाठी म्हणून मागवलं जातं आणि त्यावर काळी कॉफी ओतलेली येते. रात्री नऊला चार वर्षांच्या मुलाला सायगॉनची कॉफी पाजायची नसेल तर आधीच 'खोंग का फे' सांगा.

बसायच्या जागेबद्दल थोडं. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुलं मुलांना फार आवडतात आणि आजोबांना तिथून उठवताना दोघे लागतात. गुडघेदुखी असलेलं कोणी बरोबर असेल तर फोटोत टेबलाची उंची बघूनच दुकान निवडा. उंच बाळखुर्ची मोठ्या हॉटेलांत असते. 'घे एम बे' म्हणून मागायची. पट्टा बहुतेकदा तुटलेला असतो, एक ओढणी जवळ असू द्या. ढकलगाडी हॉटेलवर ठेवून जाणं शहाणपणाचं. फुटपाथवर मोटारसायकली उभ्या असतात, उरलेल्या जागेत चुली. बाळाला पोटाशी बांधायचा झोळणा कामाला येतो. मे ते नोव्हेंबर दुपारनंतर पाऊस कोसळतो, त्या दिवसांत समोरून उघड्या दुकानात आतली, भिंतीकडची जागा घ्या. वाढणाऱ्या मुली बाळाला उचलून घेतात, गाल ओढतात, आईवडिलांचं जेवण होईस्तोवर कडेवर घेऊन फिरवतात. तिथे ती साधी माया आहे. आवडत नसेल तर हसून बाळ परत मागितलं की झालं.

वेळा आपल्यापेक्षा लवकरच्या. दुपारचं जेवण अकरा ते एक, रात्रीचं सहा ते आठ. दुपारी दोन ते चार चांगली दुकानं बंद आणि उघडी असतात त्यांच्याकडे सकाळचं उरलेलं. तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या दिवसांत, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, बरीच दुकानं आठवडाभर बंद असतात. जुलै २०२५ पासून शहरातले जिल्हे कागदावर रद्द झाले आहेत, पण पत्ते नि माणसं अजून 'क्वान १', 'क्वान ३' (इथे क्वान म्हणजे जिल्हा) असंच सांगतात. टॅक्सीत रस्त्याचं नाव आणि घरक्रमांक द्यावा.

बिल मागायला 'तिन्ह तिएन' म्हणायचं. सीलबंद ओला रुमाल फोडला की त्याचे काही हजार डोंग (तिथलं चलन) लागतात, बशीतले शेंगदाणेही धरले जातात. नको असेल तर आल्याबरोबर परत द्यावं, कोणी वाईट मानत नाही. मोठ्या हॉटेलांत किमतीवर कर आणि सेवाशुल्क वेगळं चढतं. मेन्यूच्या तळाशी दोन अधिकची चिन्हं असतील तर हिशेब त्याप्रमाणे धरा. खेकडे, कोळंबी किलोच्या भावाने असतात, तेव्हा आधी वजन आणि दर दोन्ही लिहून घ्यावेत. छोट्या दुकानांत रोख लागते, परदेशी कार्ड चालेलच असं नाही. एका रुपयाला साधारण ३०० डोंग, त्यामुळे शून्यांनी डोकं गरगरतं, आणि त्यात २०,००० ची नि ५,००,००० ची नोट दोन्ही निळ्या. मंद दिव्याखाली, कडेवर झोपलेलं मूल सांभाळत पैसे देताना नेमकी अदलाबदल होते. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.